अंगठा गेला, पाय राहिला

खामगावच्या ड्रेसरमामांचं देणं आमच्या घराकडून फिटणारं नाही.

बाबांचा मधुमेह जुना. तळपाय बधिर झाले होते, पण दुखतच नाही म्हटल्यावर कळणार कसं? ऐन उन्हात अनवाणी शेगावची पायी वारी केली. अंगठ्याला फोड आला, फुटला, त्यावर हळद दाबली आणि अंगठा काळा पडला. एका ठिकाणी सांगितलं, गँगरीन आहे, उद्याच गुडघ्याखालून पाय काढू. आईनं अन्न सोडलं.

मग आम्ही मामांकडे गेलो. ते डॉक्टर नव्हते, एका सर्जनकडे मलमपट्टी करायचे. त्यांनी पट्टी सोडली, वाकून वास घेतला, काळ्या भागाची कड दाबून पाहिली. मग पावलावर दोन बोटं टेकवून बराच वेळ तसेच बसले.

"कोरडं आहे. पू नाही, ताप नाही. ओलं असतं तर मीच म्हटलं असतं, आत्ताच काढा, जिवावर बेतते. पण नाडी लागून नाही राह्यली, भाऊ. रक्तच पोचत नाही, तर कापल्याची जखम भरंल कशी? सायबांना इचारून आधी डॉप्लर करा."

त्यांच्या सर्जननं चिठ्ठी दिली, आम्ही अकोला गाठलं. पोटरीतली रक्तवाहिनी तुंबलेली निघाली. ती फुग्यानं उघडली. इन्सुलिननं साखर आटोक्यात आली. जिवंत आणि मेल्या मांसामधली रेघ स्पष्ट झाल्यावर फक्त अंगठा काढला. हे सगळ्यांच्याच नशिबी नसतं. वाहिनी उघडण्याजोगी नसेल किंवा विष वर चढत असेल, तर पाय काढूनच माणूस वाचतो, आणि तो जयपूर फूटवर पुन्हा शेतात उभा राहतो. पण कापण्याआधी रक्ताची वाट तपासायला हवी, आणि ती आमच्यासाठी मामांनी तपासली.

बुलढाण्यासारख्या आत्महत्याग्रस्त जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला तेव्हाही पांढऱ्या रेशनकार्डावर महात्मा फुले जनआरोग्य योजना मिळायची, हेही त्यांनीच सांगितलं. आम्ही तोवर बैलजोडी विकायला काढली होती.

पुढं कितीतरी दिवस ड्रेसिंग त्यांच्याच हातून झालं. दर वेळी ते चांगला पायही उचलून बोटांच्या बेचक्यांत बघायचे. बाबांची तंबाखू त्यांनी रागावून सोडवली. पैसे घेतले नाहीत. घरची तुरीची डाळ तेवढी घेतली.

आता ते निवृत्त आहेत. गावात कुणाच्या पायाची जखम चिघळली की मी त्यांनाच फोन लावतो. "साखर किती? नाडी कुणी पाह्यली?" ते विचारतात, आणि पेशंटला घेऊन यायला सांगतात.