पट कमी नाही, आईबाप फडावर आहेत

पट वीसच्या आत, म्हणून वस्तीवरची शाळा बंद करायची म्हणे. आम्ही घरोघर फिरलो. निम्म्या दारांना कुलूप! दिवाळीच्या सुमारास बीडचा कोयता पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातो, लेकरंही जातात. मग वर्ग रिकामाच दिसणार. त्यांना गावात ठेवायला हंगामी वसतिगृहाची योजना आहे, ती वेळेवर सुरू करा ना!

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याखालचे राज्याचे नियम पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत मागतात. बाबासाहेब 1927 साली मुंबई कायदेमंडळात शिक्षणावरच्या तुटपुंज्या खर्चावरूनच सरकारशी भांडले होते.

सध्या आम्ही मुकादमांकडून नंबर घेऊन फडावर फोन लावतोय: लेकरू आजीजवळ ठेवा. अकरा घरांनी होकार दिलाय. बाकीच्यांना रात्री पुन्हा लावायचाय. दिवसा कोयता हातात असतो.