घार पाहायला स्पेनला!

निवृत्तीच्या पुंजीतून परदेशवारी एकदाच परवडते. म्हणून ठिकाणापेक्षा महिना निवडणेच कठीण! स्पेनमधल्या तारिफापाशी युरोप आणि आफ्रिका यांच्यात जेमतेम १४ किलोमीटर समुद्र उरतो. पाण्यावर उष्ण हवेचे झोत फारसे उठत नाहीत. म्हणून त्या झोतांवर तरंगणारे शिकारी पक्षी हजारोंच्या संख्येने इथूनच पलीकडे जातात. त्यांत आपली काळी घारही असते.

"घारीचा फोटो काढायला स्पेन? गच्चीवर जा की!" सौभाग्यवती म्हणाल्या.

पण माझा पेच निराळाच होता. घारींची झुंबड ऑगस्टात, आणि तेव्हा जवळची दोन्यानाची दलदल कोरडी! ती भरते हिवाळी पावसाने. शेवटी मार्च ठरविला. तेव्हा घारी आफ्रिकेहून परततात आणि पाऊस झालेला असला, तर दलदलीत पाणीही असते.

'झालेला असला तर' हेच खरे. पाऊस कमी, त्यात शेतीसाठी भूजलाचा उपसा. २०२२ च्या उन्हाळ्यात तिथले सांता ओलाया हे मोठे तळेही पार आटले. म्हणून यंदाच निघायचे. माझे गुडघे मी तेल चोळून टिकवीन. तळे कोण टिकविणार?