टणक, चिवट, ठिसूळ

"विच इज टफर, ग्लास ऑर माइल्ड स्टील?"

सेकंड इयरची पहिली ओरल. विषय मटेरियल्स. आम्ही चौघं ओळीने बसलेलो, समोर एक्स्टर्नल सर. प्रश्न माझ्याकडे आला आणि मला मनातून आनंद झाला, कारण 'टफ' हा शब्द माझा पाठ होता! टफ म्हणजे कठीण. काच कठीण असते, स्टीलवर ओरखडा काढते, हे आदल्या रात्रीच वाचलं होतं. छातीठोकपणे सांगितलं, "ग्लास, सर. बिकॉज ग्लास इज व्हेरी हार्ड." सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, जर्नल मिटलं आणि पुढच्याकडे वळले.

पुढचा म्हणजे माझा रूम पार्टनर, जतचा. त्याला उत्तर येत होतं. आमच्या अख्ख्या विंगला मेकॅनिक्सची गणितं तोच शिकवतो. पण तो बोललाच नाही. सर तीनदा "यस?" म्हणाले, हा टेबलाकडे बघत राहिला. चुकीचं का होईना बोललो म्हणून मला पंचवीसपैकी बारा पडले. न बोलणाऱ्याला आठ. म्हणजे केटी.

मित्रांनो, आम्हाला इंग्रजी शिकवलंच नाही असं म्हणायची सोय नाही. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीलाच इंग्रजी आहे. माण तालुक्यातल्या माझ्या शाळेत बाई रोज फळ्यावर पाच शब्द लिहायच्या. स्पेलिंग, उच्चार, अर्थ. दुसऱ्या दिवशी पाठ नसेल तर अंगठे धरून उभं! बारावीपर्यंत माझ्याकडे शब्दांचं पोतं भरलेलं होतं. पण पोत्यातली ज्वारी कुणाला वाढता येत नाही.

इंजिनिअरिंगला सांगलीत येताना दहिवडीच्या स्टँडजवळ एक दोनशेपानी वही घेतली आणि एसटीतच तीन रकाने आखले. शब्द, अर्थ, विरुद्ध. मायणी, विटा, तासगाव करत गाडी सांगलीत पोचेपर्यंत रेघा वाकड्या झाल्या, पण वही तयार. हॉस्टेलवर कुणा जुन्या सीनियरने सोडून दिलेलं जीआरईचं जाडजूड पुस्तक सापडलं. मग काय, रोज वीस शब्द. 'गॅर्युलस' म्हणजे बडबड्या, विरुद्ध 'टॅसिटर्न'. पाठ! आजवर हे दोन्ही शब्द मला कुठे वापरावे लागलेले नाहीत. (खरं तर ओरलला शेजारीच टॅसिटर्न बसला होता, पण तेव्हा सुचलं नाही.) पुढे कळलं की जीआरईतून विरुद्धार्थी शब्दांचे प्रश्न ऑगस्ट २०११ मध्येच काढून टाकलेत. आमचं पुस्तक त्याच्या आधीचं!

ओरलच्या रात्री पार्टनर बॅग भरत होता.

"मला न्हाई जमायचं गड्या. बी.एस्सी.ला नाव घालतो."

मी काय बोलणार? मीच काचेला टफ म्हणून आलेलो. उगीच वही उघडली. हार्ड, कठीण. टफ, कठीण. रिजिड, कठीण. स्टिफ, कठीण. चार शब्द आणि अर्थ एकच. मोबाईलवर बघितलं, तिथेही तेच. पार्टनर बॅगेची चेन ओढता ओढता म्हणाला, "विरुद्ध बघ की."

बघितलं. हार्डच्या समोर सॉफ्ट. स्टिफच्या समोर फ्लेक्झिबल. आणि टफच्या समोर मी लिहिलं होतं, ईझी. टफ पेपर, ईझी पेपर! स्टीलच्या सळीला ईझी कसं म्हणायचं? मटेरियल्सचं पुस्तक काढून टफनेस उघडलं, तर तिथे त्याच्यासमोर उभा होता ब्रिटल. आणि माझ्या डोक्यात लॅबमधला तो आवाज वाजला. खाड्! आम्ही यूटीएमवर दोन सळ्या ओढल्या होत्या. माइल्ड स्टीलची सळी लांबत गेली, मधे मान बारीक झाली आणि मग कुठे तुटली. कास्ट आयर्नची काही न सांगता तुटली. तेव्हा लॅबचे मामा म्हणाले होते, "बिडाचा तवा हातातून पडला की फुटतो. पत्र्याचा नुसता चेमटतो." आम्ही हसलो होतो आणि जर्नलमध्ये भलतंच काहीतरी उतरवून काढलं होतं.

'कठीण' हा शब्द मी चारही ठिकाणी खोडला. मग घरचे शब्द आठवायला लागलो. पाक बिघडला की आई म्हणते, लाडू टणक झाले. वडील हरळीला चिवट म्हणतात, ओढली तरी तुटत नाही. म्हातारपणी हाडं ठिसूळ होतात. नव्या शर्टाची कॉलर ताठ असते. टणक, चिवट, ठिसूळ, ताठ. आमच्या घरात हे शब्द कुणी पाठ केलेले नाहीत आणि त्यात कुणाची गल्लतही होत नाही! हार्ड म्हणजे टणक, ते ब्रिनेल नाहीतर रॉकवेलवर मोजायचं. टफ म्हणजे चिवट, त्याला चार्पी आणि आयझॉड, हातोडा सोडून तुकडा तुटेपर्यंत किती एनर्जी खातो ते बघायचं. स्टिफ म्हणजे ताठ, त्याचा यंग्ज मॉड्युलस. लॅबमध्ये एवढी वेगवेगळी मशिनं का ठेवलीत, हे मला ओरल झाल्यावर कळलं!

वहीत चौथा रकाना आखला, वाक्याचा. अट एकच, वाक्य पुस्तकातलं नको, डोळ्यांनी बघितलेल्या वस्तूवर पाहिजे. पहिलं मी लिहिलं, "मेस चपाती इज टफ. इट बेंड्स, इट स्ट्रेचेस, बट इट डझ नॉट ब्रेक." (मेस सेक्रेटरींनी राग मानू नये.) मग, "चिक्की इज हार्ड, बट ब्रिटल." साताऱ्याचा म्हणून कंदी पेढा सॉफ्टमध्ये घातला. पार्टनरने बॅग बाजूला ठेवली आणि भडंग ब्रिटल का क्रिस्प यावर अर्धा तास वाद घातला.

स्ट्रेस आणि स्ट्रेनचं असंच. खिशातल्या डिक्शनरीत दोन्हीला 'ताण'. दुसऱ्या दिवशी लायब्ररीत शासनाचा परिभाषा कोश काढला. स्ट्रेसला प्रतिबल, स्ट्रेनला विकृती! पार्टनर म्हणाला, "विकृती आपल्या विंगमध्ये भरपूर हाय." पण वाक्य त्यानेच केलं. सॅकच्या ओझ्याने बंदावर येतो तो स्ट्रेस, बंद लांबतो तो स्ट्रेन. परीक्षेत हेच लिहावं की नाही यावर आमच्यात अजून मतभेद आहेत.

त्याच कपाटात मोल्सवर्थ होता. मराठी-इंग्रजी कोश, पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७. उगाच चाळला. साहेबाने नुसता अर्थ देऊन काम भागवलेलं नाही, जागोजागी आपल्या म्हणी आणि बोलण्यातले प्रयोग दिलेत. त्यालाही कुणीतरी हरळी दाखवली असणार.

आधीच्या रात्रीची एक गोष्ट राहिली. दोन वाजता मी झोपायला गेलो, तेव्हा पार्टनर वही घेऊन बसला होता. सकाळी बघितलं, टफच्या ओळीत चौथ्या रकान्यात त्याच्या अक्षरात लिहिलेलं होतं, "माय फादर इज नॉट हार्ड. ही इज टफ." त्याच्या वडिलांची डाळिंबाची बाग पाण्यावाचून दोनदा गेली, तिसऱ्यांदा लावलीय, एवढं मला माहीत होतं. मी वही मिटून ठेवली.

शनिवारी तो जतच्या गाडीत बसला. बॅग पूर्ण भरलेली होती. मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. रविवारी समोरची कॉट रिकामी बघून जेवण गेलं नाही.

सोमवारी सकाळी दार वाजलं. खांद्यावर तीच बॅग, हातात पिशवी. पिशवीत त्याच्या आईने दिलेल्या कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. विंगमधले सगळे जमले. पार्टनरने एक भाकरी दोन्ही हातांनी आडवी धरली आणि वाकवली. खाड्!

तुकडा सगळ्यांना दाखवत तो मोठ्याने म्हणाला, "ब्रिटल फ्रॅक्चर. नो नेकिंग."