दादांची ताडपत्री

बदलापुरात होडीचा विषय निघाला की लोकांना 27 जुलै 2019 आठवतो. उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये अडकली आणि हजाराच्या आसपास प्रवाशांची सुटका झाली, त्या दिवसाच्या रबरी बोटी. एरवी अंबरनाथ-बदलापूरचा माणूस लोकलच्या वेळापत्रकावर जगतो. मला मात्र होडी म्हटलं की उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पातले ताडपत्रीवाले दादा आठवतात.

माझं आजोळ अलिबागजवळचं थळ. मामाची लाकडी होडी खांदेरी-उंदेरीच्या पलीकडे मासेमारीला जायची. मे सरत आला की ती किनाऱ्यावर ओढायची, टेकू देऊन उभी करायची, बुडाला चिकटलेल्या शिंपल्या खरवडायच्या, गोड्या पाण्याने धुवायची आणि तळाचं बूच काढून ठेवायचं. मासेमारीची सरकारी बंदी 1 जून ते 31 जुलै, पण कोळ्यांचं पंचांग त्याहून जुनं. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिला की मग होडी पाण्यात. तोवर ती शाकारून ठेवायची. पूर्वी नारळाच्या झावळ्यांचे झाप घालत. मग प्लास्टिकचा कागद आला, स्वस्त आणि आवळून बांधायला सोपा.

त्या कागदानेच घात केला. एका श्रावणात तो सोडला तर आत सगळीकडे घाम सुटलेला, फळ्यांवर पांढरी बुरशी, आणि एक फळी इतकी भुसभुशीत की नख रुतावं. मामा दोन दिवस जेवला नाही, असं आई सांगायची.

वडील तेव्हा अंबरनाथच्या एका कारखान्यात होते. तिथल्या ट्रकांच्या ताडपत्र्या दादा शिवायचे. पुढच्या उन्हाळ्यात वडील मामाला त्यांच्याकडे घेऊन गेले, मीही सोबत होते. दादांनी लांबी-रुंदी विचारलीच नाही. पहिला प्रश्न, “वारा कुठून येतो?” मग खडूने फरशीवर होडी काढून ते सांगत गेले. खारं पाणी लाकडाला इतकं कुजवत नाही; खाऱ्यातला शत्रू म्हणजे लाकूड पोखरणारा किडा, तो होडी वाळवली की मरतो. कुजवते ती पावसाची कोंडलेली ओल. म्हणून मधोमध लांब बांबू घालायचा, त्यावरून ताडपत्री उतरती सोडायची, पुढची-मागची तोंडं उघडी ठेवायची, पण पाऊस आत येणार नाही एवढी झड पुढे काढायची. नाळेवर जिथे कापड घासतं तिथे ट्रकच्या जुन्या ट्यूबचा तुकडा शिवायचा. आणि दोऱ्या टेकूंना कधीच बांधायच्या नाहीत, होडीच्या बुडाखालून घ्यायच्या. वाऱ्याने ताडपत्री फडफडली की ती टेकू ओढून काढते आणि होडी कलंडते.

मामा पिढ्यान्‌पिढ्यांचा कोळी, पण मान खाली घालून ऐकत होता.

दादा सक्करचे. त्यांच्या वडिलांचं नदीकाठी दोरखंडाचं दुकान होतं आणि सिंधूच्या मधल्या बेटावरच्या साधबेलोच्या मंदिरात ते लहानपणी नावेतूनच जायचे. सिंधू गोड्या पाण्याची, म्हणून ही कूज त्यांनी जवळून पाहिलेली. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आले. 1949 मध्ये तिचं उल्हासनगर झालं. बराकीतल्या एका खोलीत अनेक कुटुंबं, मधे कॅनव्हासचे पडदे. आईसाठी असा एक पडदा शिवताना त्यांनी सुई हाती धरली ती कायमची.

मामाकडून त्यांनी फक्त कापडाचे पैसे घेतले. नारळी पौर्णिमेनंतरची पहिली पापलेटं मामाने बर्फात घालून पाठवली. ती ठेवून घेत दादांनी विचारलं, पल्ला कधी मिळतो का? सिंधूत प्रवाहाविरुद्ध वर चढणारा तो मासा. झुलेलालच्या तसबिरीतही देव त्याच्यावरच बसलेला असतो. थळच्या जाळ्यात पुढे कधी तो लागला तर मामा आधी उल्हासनगरचा वाटा बाजूला काढायचा.

याच सुमाराला वडिलांचा कारखाना बंद पडला. माझ्या डी.एड.ची फी मग थळहून येऊ लागली, त्याच होडीच्या कमाईतून. ती होडी आणखी एक पावसाळा प्लास्टिकखाली घुसमटली असती, तर मी अंबरनाथमध्ये काय करत बसले असते कोण जाणे.

बदलापूरच्या शाळेत नोकरी लागली तेव्हा पेढे घेऊन मी दादांकडे गेले. हे सगळं त्यांना सांगायचं मनात घोळवत गेले होते. त्यांनी पेढा तोंडात टाकला आणि नाळेवरचा ट्यूबचा तुकडा बदलला का ते विचारलं. बदलला नव्हता. त्यांनी लगेच एक कापून, कडा शिवून दिला. त्याचे पैसे मात्र रोख मागून घेतले. “बेटी, आता तुला पगार आहे ना?”