खिडकीच्या आत

व्हिडिओ गेम म्हणजे निव्वळ गोळीबार असे ज्यांना वाटते, त्यांनी 'पेपर्स, प्लीज' एकदा खेळावाच. लुकास पोप यांनी तो २०१३ साली आणला. २०२२ पासून मोबाईलवरही आहे. काळ १९८२, देश काल्पनिक, आर्स्टोत्स्का. आपण सरहद्दीवरचे तपासनीस. कागद पाहायचे, शिक्का मारायचा. जितकी माणसे तपासू तितकी कमाई. रात्री तीतून घरभाडे, अन्न, ऊब, औषध भागवायचे. निवेदक नाही, गोष्ट त्या हिशेबातच आहे.

एक गृहस्थ येतो, कागद चोख. जाताना विनवतो, मागून बायको येतेय, तिला सांभाळून घ्या. तिच्याकडे प्रवेशपरवानाच नाही.

उत्पन्नाच्या दाखल्यासाठी मी वडिलांबरोबर तीन वेळा खिडकीबाहेर उभा राहिलो आहे. आतल्या माणसाचा तेव्हा काय संताप यायचा! (अजूनही येतो.) इथे मात्र आत मीच. तिला सोडले. लगेच चुकीची चिठ्ठी आली. दिवसातल्या पहिल्या दोन चुका माफ, तिसरीला पगारातून कपात.

पुढे एके दिवशी दोन्ही माफ्या संपल्या होत्या, घरी सासू आजारी. समोरच्याचा एक कागद कमी होता. त्याच्याकडे न पाहता मी लाल शिक्का मारला.