आत्याचा नंबर

नांदेड, शुक्रवार

ती. बाबा,

आज सकाळी आत्याला डॉक्टर लेनमध्ये नेलं. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे काल फोनवर नंबर लावला होता, आणि आज दुपारच्या आत तपासणी झालीसुद्धा. तिकडे बर्मिंगहॅमला तुम्ही मोतीबिंदूच्या तारखेसाठी महिनोन्‌महिने पत्राची वाट बघताय, तेव्हा तुम्हाला हेवा वाटेल. पण पुढचं वाचा.

बाकावर हदगाव, भोकर, किनवटकडची माणसं होती, काही तर तेलंगणातून आलेली. बाहुली मोठी व्हावी म्हणून कंपाउंडर डोळ्यांत थेंब घालतो आणि सगळे डोळे मिटून ओळीनं बसतात. थोड्या वेळानं तो बॅटरी मारून बघतो, "आजी, अजून उघडली नाही" म्हणतो, की पुन्हा थेंब.

डॉक्टरांनी विचारलं, "कधीपासून कमी दिसतंय?" आत्या म्हणाली, "धाकटीच्या लग्नापासून." धाकटीची मुलगी आता शाळेत जाते, बाबा! आधी लग्नाचा खर्च, मग सोयाबीनचा भाव पडला, मग सोबत यायला कुणी नाही. त्यात जो तो सांगणार, "पिकू द्या, मग काढू." डॉक्टरांनी तिला नीट समजावलं. पूर्वीच्या पद्धतीत मोतीबिंदू पिकेपर्यंत थांबावं लागायचं. आता यंत्रानं त्याचे बारीक तुकडे करून छोट्या छेदातून काढतात. तो जितका पिकून कडक होतो तितकं काम अवघड होतं, शिवाय डोळ्याचा दाब वाढण्याची भीती.

घरी ती कपाच्या काठाशी बोट धरून चहा ओतते. चटका बसला की कप भरला. फोनवर मात्र तुम्हाला नेहमी "बरंय" म्हणायची.

लातूर, बुधवार

ती. बाबा,

दादाचं घर इथे आहे म्हणून ऑपरेशन लातूरलाच करायचं ठरवलं. लोहा, अहमदपूर करत एसटीनं आलो. काल उजवा डोळा झाला, आज पट्टी निघाली. आत्या सुखरूप आहे, दुपारी दादाच्या शर्टाची कॉलर मळल्याचं तिनंच दाखवलं.

या जिल्ह्याला डॉक्टरांची वाण नाही. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात लाखावर मोतीबिंदू काढणारे पद्मश्री डॉ. तात्याराव लहाने इथल्याच रेणापूर तालुक्यातल्या माकेगावचे. डॉ. अशोक कुकडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विवेकानंद रुग्णालय इथे 1966 मध्ये सुरू केलं, लातूर जिल्हा होण्याच्याही आधी. अंधत्व निवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम 1976 पासून आहे आणि सरकारी रुग्णालयात हे ऑपरेशन फुकट होतं. तरी आत्या इतकी वर्षं अंधारात चाचपडत राहिली, हे मला फार लागलं.

तुमची वाट पाहणं निदान कागदावर आहे. इंग्लंडमध्ये रुग्णालयाला डॉक्टरांची चिठ्ठी मिळाल्यापासून 18 आठवड्यांत उपचार सुरू व्हावेत असा नियम आहे. तो वर्षानुवर्षं पाळला जात नाही, यादी 70 लाखांच्या वर गेली. पण हा आकडा दर महिन्याला छापून येतो, त्यावरून पार्लमेंटमध्ये मंत्र्यांना जाब विचारला जातो. स्वीडनमध्ये तज्ज्ञांची भेट 90 दिवसांत आणि ठरलेला उपचार पुढच्या 90 दिवसांत, अशी कायद्यानं हमी आहे. आत्याची वर्षं मात्र कुठल्याच वहीत नाहीत. तिच्या केसपेपरवर वाट पाहणं सुरू झालं ते शुक्रवारी, नांदेडला नंबर लागला तेव्हा.

गावात आशाताई गरोदर बायांची, बाळांच्या लशींची तारीखवार नोंद ठेवतात. तशीच ज्यांना दिसेनासं झालंय त्यांचीही नोंद व्हावी, पहिली तक्रार कधी केली त्या तारखेसकट. मग कोण किती थांबलं हे जिल्ह्याला कळेल आणि त्याचा जाब विचारता येईल. मी दादाला घेऊन ग्रामपंचायतीत हे बोलणार आहे.

डॉक्टर म्हणतात, दुसरा डोळा महिन्याभरानं करू. आत्या आत्ताच "राशी झाल्यावर बघू" म्हणायला लागली आहे. माझं ती ऐकणार नाही, थोरल्या भावाचं ऐकेल. रविवारी फोन करा आणि तारीख पक्की करूनच ठेवा.

तुमची,
ताई