मूळ अबाधित ठेवणारी बांधणी

संगणकाचा प्रोसेसर, स्मृती आणि इतर उपकरणे यांचा ताबा घेऊन बाकीच्या सर्व प्रोग्रॅमना ती वाटून देणारा कार्यप्रणालीचा गाभा म्हणजे कर्नल. आणि माणसाने लिहिलेल्या सोर्स कोडमधून तो यंत्राला चालवता येईल अशा रूपात आणणे, म्हणजेच बांधणे, ही एक कारागिरी आहे. 1991 मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी सुरू केलेल्या लिनक्स कर्नलची बांधणी एरवी सोर्सच्याच डिरेक्टरीत होते, त्यामुळे निवडलेल्या पर्यायांची फाइल आणि कंपाइलरने यंत्रभाषेत उतरवलेले तुकडे, म्हणजे ऑब्जेक्ट फाइली, मूळ मजकुराशेजारीच साचत जातात. सोर्स केवळ वाचता येईल असा ठेवला, की हा मार्ग बंद होतो.

मग ‘मेक’ या साधनाला ‘ओ’ या पर्यायातून वेगळ्या डिरेक्टरीचा पत्ता द्यावा लागतो आणि निर्माण होणारे सारे तेथेच जाते. आधीच्या बांधणीची पर्याय-फाइल सोर्समध्ये राहून गेली असेल, तर मेक पुढे जाण्यास नकार देऊन सफाई करायला सांगते. परंतु लेखनबंदी असताना ती सफाईही अशक्य असल्याने सोर्स आधीच स्वच्छ असावा लागतो.

या काटेकोरपणाचे फळ मोठे आहे. एकाच सोर्समधून एक्स86 आणि एआरएम या भिन्न प्रोसेसरांसाठी वेगवेगळे कर्नल एकमेकांना न बिघडवता बांधता येतात, आणि एखादी स्क्रिप्ट गुपचूप सोर्समध्ये तात्पुरती फाइल लिहू पाहत असेल, तर ती खोड लगेच उघडी पडते. मूळ न बिघडवता नवे घडवण्याचे असे उदाहरण संगीतातही आहे: क्षयाच्या आजारामुळे 1948 मध्ये देवासला आलेले शास्त्रीय गायक कुमार गंधर्व यांनी माळव्याच्या लोकधुना टिपून त्यांतून सहेली तोडी, मालवती यांसारखे धुनउगम राग घडवले, पण त्या धुना लोकांच्या कंठात होत्या तशाच राहिल्या. उगम आणि निर्मिती यांमधले हेच अंतर कर्नलच्या अशा बांधणीतही जपले जाते.

अर्थात, लेखनबंदीने सर्व काही साधत नाही. कर्नल आपल्यात बांधणीची वेळ, बांधणाऱ्याचे नाव आणि यंत्राचे नाव नोंदवतो, म्हणून दोन बांधण्या तंतोतंत सारख्या याव्यात यासाठी ही मूल्ये स्थिर करावी लागतात आणि कंपाइलरही तोच वापरावा लागतो. तरीही पाया लेखनबंदीच घालते. संगणकातील प्रत्येक प्रोग्रॅम ज्याच्यावर विसंबतो, तो कर्नल नेमक्या कोणत्या मजकुरातून उभा राहिला हे निःशंकपणे सांगता येणे, ही बांधणाऱ्याची पहिली जबाबदारी आहे.